घासागणिक नाव

मी लोकांना गिळायला शिकवते. असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हसतो. गिळायला काय शिकवायचं? आपण जन्मभर गिळतच तर असतो. राग गिळतो, अपमान गिळतो, चारचौघांत आवंढा गिळतो आणि ऑफिसात मूग गिळून बसतो. हसून घ्या. पण अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला साधं पाणी पिताना एकदा बघा. पोटात जायचा घोट श्वासनळीत जातो, माणूस लालबुंद होतो, आणि घरचे त्याला मोकळेपणी खोकू द्यायचं सोडून पाठीत धपाटे घालत सुटतात.

हॉस्पिटलात माझ्या खोलीच्या दारावर लांबलचक हुद्दा लिहिलेला आहे. वॉर्डातल्या मावश्या त्याच्या वाटेला जात नाहीत. "गिळवणाऱ्या बाई आल्या," म्हणतात आणि पेशंटला उठवून बसवतात. मला तेच नाव आवडतं.

तर या गिळवणाऱ्या बाईच्या काकांनाच झटका आला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून मी काका-काकूंकडेच वाढले. काका शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र आणि कापायचं टेबल, मागच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे. नवे कपडे त्यांच्याकडे कमीच यायचे. थोरल्याचं धाकट्याला आटवून दे, सुटलेल्या पोटाला सदरा सैल करून दे, असलं काम जास्त. सकाळी यंत्राला हात लावण्याआधी ते प्रार्थनाघरात जायचे. तिथे प्रार्थना सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती त्यांच्यामागून म्हणायची. त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा आणि कुणी त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

झटक्यानंतर हात परत आला, पाय परत आला, बोलणंही आलं, जरा ओलसर आणि अडखळत. घसा तेवढा परत आला नाही. एकदा अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया झाला, त्यातून कसेबसे उठले. मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पुढच्या आठवड्यात गिळतानाची एक्स-रे फिल्म पुन्हा काढायची. घास परत श्वासनळीत जाताना दिसला तर तोंडानं खाणं-पिणं बंद, आणि पोटाला छेद देऊन नळी.

आमच्याकडे रीत अशी की रक्ताच्या नात्यातला पेशंट आपण घ्यायचा नाही. मी माझ्या खात्यातल्या मैत्रिणीला पाठवलं. ती देवमाणूस, चिडणं तिला माहीतच नाही. तीही वैतागून परत आली. "तुझे काका डोळे मिटून बसतात," म्हणाली. "मी हनुवटी खाली म्हटलं की ते वर करतात. पालथ्या घड्यावर पाणी." त्याच संध्याकाळी काकूचा फोन आला. "ते म्हणतात, घसा देवानंच बंद केलाय, माणसानं तो उघडायला जाऊ नये. तू ये गं. रीत राहू दे बाजूला."

मी लगेच हो म्हटलं नाही, त्याला कारण होतं. काका आणि मी बोलत नव्हतो असं नाही. हवापाणी बोलायचो, तब्येत विचारायचो. पण कॉलेजात असताना एकदा जेवता जेवता मी सांगून बसले होते की माणसाचा आणि माकडाचा पूर्वज एकच. काका ओरडले नाहीत. ताट बाजूला सारून एवढंच म्हणाले, "ज्याला हे पटतं त्याला प्रार्थना कशी पटेल?" आणि मी तर नाकावर राग घेऊनच जन्मलेली. "नाही पटणार तर नाही पटणार," म्हणून उठले. त्यानंतर मी प्रार्थनाघरात गेले नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. दोन वाक्यांवर आमची इतकी वर्षं निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. काका यंत्राशेजारच्या खुर्चीत बसले होते. सदरा त्यांना मोठा व्हायला लागला होता आणि तो आटवायचं त्यांच्या मनात नव्हतं. मला ते बघवेना.

"आलीस, मिरचे?" ते म्हणाले. हे माझं घरचं नाव. कशावरून पडलं ते सांगायला नको.

"आले. तोंड उघडा."

"कशाला? तुझ्या मैत्रिणीला सांगितलंय मी, वेळ फुकट घालवू नकोस म्हणून."

"तिचं ती बघेल. काकू, केळं कुस्कर."

गिळणं तपासायची आमची एक पद्धत आहे. पहिलं बोट हनुवटीखाली, मधलं त्याच्या मागे, जिभेच्या मुळाखाली, उरलेली दोन कंठमण्यावर. घास गिळताना कंठमणी वर उडी मारतो आणि त्याच क्षणी श्वासनळीचं दार मिटतं. बाहेरून काही दिसत नाही, पण बोटांना कळतं. काकूनं चमचाभर केळं त्यांच्या तोंडात घातलं. जीभ सावकाश हलली. मी कंठमण्याच्या उडीची वाट बघत होते. उडीच्या आधी माझ्या बोटांना भलतंच काही लागलं. ओठ मिटलेले, चेहरा शांत, आणि कंठात बारीक गुणगुण चालू होती. मग उशिरानं उडी, आणि मग ठसका.

ठसका शमेपर्यंत मी त्यांचे खांदे धरून उभी राहिले. मग विचारलं, "घास तोंडात असताना काय म्हणत होता?"

"काही नाही."

"काका."

"नाव घेतात," काकू म्हणाली. "देवाचं. घासागणिक. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मला वाटायचं, हा माणूस जेवताना माझ्याशीच काहीतरी बोलतोय. मी सारखी 'काय म्हणालात?' विचारायची."

'तुझ्या नावानं.' एवढेच दोन शब्द. लहानपणी त्यांच्या आईनं लावलेली सवय, ओठही न हलवता, प्रत्येक घासाला. मी या घरात त्यांच्या शेजारी बसून जेवत मोठी झाले आणि मला ते कधी कळलं नाही. काकूला माहीत होतं, पण डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, "जेवताना बोलतात का?" तेव्हा तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "छे! ब्र काढत नाहीत." खोटं नव्हतीच बोलली ती. देवाचं नाव म्हणजे बोलणं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आधीच्या फिल्ममध्ये श्वासनळीचं दार नको त्या वेळी उघडं दिसत होतं आणि आम्ही सगळे त्याचं खापर झटक्यावर फोडून मोकळे झालो होतो.

"अर्धा दोष झटक्याचा आहे," मी म्हटलं. "जीभ ढिली झालीय, घास लवकर मागे घसरतो. अर्धा दोष या गुणगुणण्याचा. आवाज काढायचा तर ते दार उघडं लागतं. गिळायचं तर मिटलेलं. पूर्वी तुमचं शरीर मधल्या फटीत दोन्ही उरकायचं. आता नाही जमत त्याला."

"म्हणजे नाव सोडू?"

"घास तोंडात असेपर्यंत फक्त."

"नाही." काकांनी मान फिरवली. यंत्राकडे बघतच म्हणाले, "मला ठाऊकच होतं. ज्या कंठानं नाव घ्यायचो तोच त्यानं अडवला. काहीतरी चुकलंय माझं. काय ते आठवत नाही. रोज इथे बसून आठवतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आणि लगेच दुप्पट होऊन परत आला, फक्त आता तो काकांवर नव्हता. एक भला माणूस रिकाम्या यंत्राशेजारी बसून आपली पापं शोधतोय, आणि ती सापडत नाहीत म्हणून आणखीच घाबरतोय. या माणसानं गिऱ्हाइकाच्या कपड्यातली उरलेली चिंधीसुद्धा घडी करून परत दिलेली मी पाहिली होती.

"बेडकानं कोणतं पाप केलं होतं?" मी विचारलं.

"कोणत्या बेडकानं?"

"कुठल्याही. बेडूक, सरडा, चिमणी, गाय. सगळ्यांच्या घशात हाच चौक आहे. नाकातली हवा मागून उतरते आणि तिला पुढच्या नळीत जायचं असतं. तोंडातला घास पुढून येतो आणि त्याला मागच्या नळीत जायचं असतं. दोघांच्या वाटा एकमेकींना कापतात. तुमच्या एकट्याच्याच घशात असं असतं तर मी शिक्षा म्हणून मानलंही असतं."

"आणि हे असं का केलंय?" काकांना कुठलीही बांधणी चुकीची दिसली की राहवत नाही. आजारातही राहवलं नाही.

"फार फार पूर्वी काही मासे उथळ, गढूळ पाण्यात राहायचे. तिथे जीव गुदमरायचा, म्हणून वर येऊन तोंडानं हवा घ्यायचे. त्या हवेसाठी अन्नाच्या नळीलाच खालच्या बाजूनं पिशवी फुटत गेली. एका दिवसात नाही, पिढ्यान् पिढ्या. तीच पुढे फुप्फुसं झाली. नाक वर राहिलं, पिशवी खाली. तेव्हापासून वाटा कापतात. आपण त्यांच्याच वंशातले."

"मागे माकडं होती," काका म्हणाले. "आता मासे झाले."

"नातं लांबचं आहे. लग्नाला बोलवावं लागत नाही."

काकू पदरात तोंड घालून हसली. काका हसले नाहीत. "देव काय आल्टरेशनचं दुकान चालवतो?" ते म्हणाले. "त्याला नवं कापड कापता येत नाही? ज्याला सगळं येतं त्यानं जुन्याला ठिगळं का लावावीत?"

"तुम्ही सांगा. नवं शिवणं कठीण की जुनं वाढवणं?"

"जुनं वाढवणं. त्यात विचारायचं काय? जुन्या शिवणी सांभाळाव्या लागतात. आत दुमडलेलं असेल तेवढंच कापड हाताशी असतं."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, कोट मी अंगातून काढणार नाही, अंगावर असतानाच वाढवा, तर?"

"हाकलून देईन."

"एक दिवसही काढायचा नाही. त्यातच पळायचं, त्यातच झोपायचं, त्यातच पोरं वाढवायची. कुणाचाही श्वास एक दिवस बंद ठेवून आतली दुरुस्ती करता येत नाही, काका. आणि तरी तो कोट माशापासून वाढवत वाढवत तुमच्यापर्यंत आणायचा."

काकांचा हात यंत्राच्या चाकावर गेला, ते त्यांनी थोडं फिरवलं, परत थांबवलं.

"हे काम शिंप्याचं नव्हे," ते म्हणाले.

"नव्हेच."

"आणि असं काम केलं की जुनी शिवण राहणारच. ती कुठे घालवणार?"

"तीच तुम्हाला लागते. शिक्षा नाही ती. शिवण आहे."

मला वाटलं, जिंकले. माझा हाच दोष, पेशंटनं मान हलवली की मी पुढचा चमचा भरायला घेते. काकांनी माझा हात धरला. "तू छान समजावलंस. पण नाव मी सोडणार नाही. घाला नळी. नळी घातली म्हणजे तोंड तरी नावाला मोकळं राहील."

उत्तर काकूनं दिलं. ती केळ्याची वाटी हातात घेऊन उभी होती. "आणि मी समोर कुणाच्या बसू जेवायला?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मागून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

त्या दिवशी मी तशीच परत आले. वाटेत स्वतःशीच भांडत होते. इतक्या लोकांना मी मन वळवून वळवून गिळायला लावलं, आणि घोडं अडलं ते नेमकं माझ्याच घरी.

दुसऱ्या दुपारी गेले तेव्हा पुढच्या खोलीत वहिनी बसली होती, माझ्या चुलत भावाची बायको. मांडीवर तिची तान्ही चिमी. चिमी बाटलीनं दूध पीत होती, एका दमात, डोळे अर्धे मिटून. काका त्यांच्या खुर्चीतून नातीकडे बघत होते. त्या बघण्यात कौतुक होतं आणि, मला वाटलं, थोडा हेवाही होता.

"कशी पिते बघ," ते म्हणाले. "श्वाससुद्धा घेत नाही."

"घेते. कान द्या." आम्ही सगळे गप्प झालो. चिमीच्या नाकातून बारीक फुसफुस येत होती, घोटांच्या अधूनमधून, न अडता. "तिचा कंठ अजून वर आहे. नाकाच्या मागच्या बाजूला जवळजवळ टेकलेला. म्हणून दूध दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि हवा मधून. मोठ्या माकडांचाही आपल्यापेक्षा वरच असतो, जन्मभर. त्यांना आपल्याइतका ठसका लागत नसावा."

"मग आपला खाली कुणी आणला?"

"तो हळूहळू उतरतो. चिमीचाही उतरेल. कंठ खाली गेला की त्याच्यावर मोकळी जागा होते, आणि त्या जागेत जीभ हवे तसे आवाज घडवते. हिला अक्कल यायची ती येईलच, पण बोलायला ही जागाही लागते. मग ही आई म्हणेल, गाणं म्हणेल, तुमच्याशी भांडेल. आणि त्याच सुमाराला हिला घास अडकायलाही लागेल. जागा तीच ना."

काकांनी आपला हात गळ्याशी नेला. बोटांनी कंठमणी चाचपला, एखाद्या कपड्याचा पोत बघावा तसा.

"म्हणजे ठसका लागू नये असा गळा हवा असता," ते सावकाश म्हणाले, "तर नाव घेता आलं नसतं."

"आपल्यासारखं नसतं आलं."

"म्हणजे त्यानं माझा घसा अडवला नाही. नाव घेता यावं म्हणून एवढा धोका पत्करून दिला."

मी खरं तेच सांगितलं. "असं माझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही, काका. कसं झालं ते माझी विद्या सांगते. कशासाठी झालं ते ती सांगत नाही, ते तुम्ही सांगताय. मला दोन्ही लागतं."

"तुला कशाला लागतं?"

आता हे बोलायची वेळ आलीच होती. "पेशंटला झटक्यानंतरचा पहिला घोट मी देते तेव्हा चमचा हातात असतो आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नसतं. दर वेळी मी मनात नाव घेते. मग चमचा पुढे करते."

"तू?"

"मीच. दुसरं कोण?"

"मला वाटलं, तू सोडलंस."

"तुम्ही म्हणालात, मला प्रार्थना पटणार नाही. मी वाट बघत होते, तुम्ही ते मागे घ्याल म्हणून."

"आणि मी वाट बघत होतो, तू येशील म्हणून. तुझी जागा ठेवायचो मी तिथे. माझ्या डाव्या हाताला. कुणी बसायला आलं की पुढे सरका म्हणायचो."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. वहिनी खाली मान घालून चिमीचं तोंड पुसत राहिली, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी. काकू दारात उभी होती. "दोघंही एकाच मातीचे," ती म्हणाली. "मधल्या मधे मी दोघांना एकमेकांची खुशाली सांगत फिरले."

काका मात्र विचारात होते. कपडा टेबलावर पसरून, खडू हातात घेऊन उभे राहायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा. "मला मनातल्या मनात नाव घेता येत नाही," ते म्हणाले. "मनात आलं की घसा हलतोच. काल तू गेल्यावर करून बघितलं."

म्हणजे त्यांनी करून बघितलं होतं.

"पण दुसरा कुणी म्हणत असला की मी गप्प असतो. प्रार्थनेत मी ओळ सांगायची आणि मग लोक म्हणत असताना थांबायचं. ती शिस्त अंगात मुरलीय. माझा घास, नाव तू घे. मोठ्यानं. तुझं ऐकताना माझा कंठ हलणार नाही."

मी या कामात इतकी वर्षं घालवली. हनुवटी खाली करायला शिकवलं, श्वास धरायला शिकवलं, पाणी दाट करून पाजलं. हा उपाय माझ्या डोक्यात कधी आला नसता.

आम्ही लगेच करून पाहिलं. हनुवटी खाली. श्वास धरा. मी म्हटलं, "तुझ्या नावानं." माझ्या बोटांखाली कंठ शांत होता, मग त्यानं उडी मारली, वेळेवर. "आता खोका. आता श्वास." ठसका लागला नाही. काकू चमचे भरत राहिली. काही वेळानं मी दमले तेव्हा नाव काकूनं घेतलं, मग वहिनीनं. काकांची सगळी वाटी संपली. पूर्वी ते एकटे देवाचं नाव घ्यायचे आणि आम्ही नुसते जेवायचो. त्या दिवशी त्यांनी नुसतं जेवून घेतलं.

घरी हे सोपं होतं. हॉस्पिटलात काय होईल याचा विचार मी केलाच नव्हता.

हॉस्पिटलात मी कोण, तर हातात प्लास्टिकचा घसा घेऊन विद्यार्थ्यांना माशांची गोष्ट सांगणारी बाई. पेशंटच्या नाकाला उदबत्तीचा धूर लावणाऱ्या नातेवाइकांवर ओरडणारी बाई. मी मनात कुणाचं नाव घेते हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. ते कळावं असं मला वाटतही नव्हतं. माशांची गोष्ट सांगणारी बाई प्रार्थनाघरात चालणार नाही म्हणून तिथे जात नव्हते, आणि नाव घेणारी बाई इथे चालणार नाही म्हणून इथे प्रार्थनेबद्दल बोलत नव्हते. कुठेच मी पुरती जात नव्हते.

फिल्मच्या दिवशी मैत्रिणीनं चमचा माझ्या हातात दिला आणि ती काचेपलीकडे गेली. तिथे डॉक्टर होते, यंत्र चालवणारा होता, आणि शिकायला आलेली मुलंमुली दाटीवाटीनं उभी होती. आत फक्त काका आणि मी, अंगावर शिशाचा जड एप्रन. खोलीतला मायक्रोफोन चालू होता. इथलं सगळं पलीकडे ऐकू जात होतं.

पडद्यावर काकांचं डोकं आणि मान काळ्या-पांढऱ्यात उमटली. त्यांनी ते कुतूहलानं बघितलं. "तो चौक कुठे?" मी बोटानं दाखवला. "रस्ता बराच जुना दिसतोय," ते म्हणाले.

मी एक्स-रेत काळं दिसणारं औषध मिसळलेल्या केळ्याचा पहिला चमचा त्यांच्या तोंडात दिला. "हनुवटी खाली. श्वास धरा. गिळा."

ते गिळेनात. घास तोंडात धरून, मान खाली, डोळे वर करून माझ्याकडे बघत राहिले.

"काय अडलं?" पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

मी काकांच्या कानाशी वाकून पुटपुटले, "तुझ्या नावानं." माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. काकांनी मान हलवली, नाही म्हणून. झटक्यापासून त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येत होतं, आणि मी नेमकी उजवीकडे उभी होते. घास जिभेवरून मागे सरकायला लागला असणार. फार वेळ नव्हता. मी काचेकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी सरळ उभी राहिले आणि नीट, सगळ्यांना कळेल असं म्हटलं, "तुझ्या नावानं."

पडद्यावर काळा घास जिभेच्या मागे उतरला. कंठ वर उडाला, दार मिटलं, आणि घास मागच्या वाटेनं खाली गेला. श्वासनळीत एक ठिपकासुद्धा उतरला नाही. काका खोकले, श्वास घेतला.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

दुसरा चमचाही तसाच गेला. मग पातळ पाणी द्यायचं होतं, सगळ्यात अवघड. मी पेला उचलला. आणि पुन्हा माझी नजर काचेपलीकडच्या मुलांकडे गेली.

काकांनी तोंड मोकळं असताना बोलून घेतलं. आवाज ओला नव्हता, अडखळतही नव्हता. "डरतेस कशाला, पोरी?" ते म्हणाले. "त्याच मुलांना माशांची गोष्ट सांगतेस ना? मग हेही मोठ्यानं म्हण. काचेपलीकडे ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्यानं म्हटलं. काकांनी गिळलं.